घरचा खुराक आणि प्रथिनांचा डबा

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले आणि फिरत फिरत झाशीस येऊन राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले. त्यांनी लिहिलेला वृत्तांत पुढे चिंतामणराव वैद्य यांनी 1907 साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केला. राणीचा दिनक्रम सांगताना गोडसे भटजी एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवतात. पहाटे उठून मल्लखांब व घोडदौड झाली की बाईसाहेब खुराक घेत, दूध पीत आणि मग स्नानास जात. खुराक म्हणजे काय, हे तालमीतल्या माणसास सांगावे लागत नाही. रात्री भिजत घातलेले हरभरे, मूठभर बदाम, तूप आणि दूध. ऐपत कमी असेल तर बदामाच्या जागी भुईमुगाचे दाणे. मेहनत केल्यावर शरीरास अन्न हवे, आणि ते घरच्या कोठीतून यावे, एवढाच या शब्दाचा अर्थ.

त्याच झाशीत, आणि देशातील तिच्याएवढ्या बहुतेक सर्व शहरांत, आज व्यायामशाळेच्या आसपास प्रथिनांच्या चूर्णाचे डबे विकावयास ठेवलेले दिसतात. दुधापासून चीज करताना जी निवळी उरते, ती गाळून, आटवून व सुकवून यांतील पुष्कळशी चूर्णे तयार होतात. डब्यावर पिळदार बाहूचे चित्र असते आणि मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो: एका मापात इतके ग्रॅम प्रथिन. किलोभर चूर्णास दोन-तीन हजार रुपये पडतात. रेल्वेच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाचा मुलगा हा डबा मागतो, तेव्हा घरात तो चैनीचा विषय राहत नाही. महिन्याच्या वाणसामानाशी त्याची गाठ पडते. म्हणून दोन प्रश्न नीट तपासून पाहण्याजोगे आहेत. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या तरुणास या चूर्णाची गरज आहे काय? आणि ज्याला पोटभर जेवण मिळत नाही, त्याची उणीव हे चूर्ण भरून काढील काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. पण विज्ञानाच्या इतिहासात ते सहजासहजी मिळालेले नाही, आणि ते मिळवण्याच्या कामी एका मराठी माणसाचाही वाटा आहे.

डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने 1838 साली या पदार्थास 'पहिल्या दर्जाचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'प्रोटीन' हे नाव दिले. आपल्या भाषेतील 'प्रथिन' या शब्दातही 'प्रथम' ऐकू येतो. नावातच मान आला की पदार्थाभोवती एक वलय निर्माण होते, तसे या बाबतीत झाले. वस्तुस्थिती अशी की प्रथिन म्हणजे सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. खाल्लेली साखळी पोटात तुटते. सुटे दुवे रक्तात जातात आणि त्यांतून शरीर आपल्याला हवी ती साखळी पुन्हा ओवते: स्नायू, कातडी, केस, पाचक रस, रोगाशी झुंजणारी द्रव्ये. वीसपैकी नऊ दुवे प्रौढ माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागतात. गव्हात लायसिन नावाचा दुवा कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो; डाळीत मेथिओनिन कमी, ते गव्हात पुरेसे असते. पोळी आणि वरण, भात आणि आमटी, बुंदेलखंडात ताकात शिजवून खातात ती ज्वारीची महेरी, या जोड्या कोणी प्रयोगशाळेत ठरवल्या नाहीत. तरी एकीचे उणे दुसरी भरून काढते.

चरबी साठवावी तसे प्रथिन साठवण्याची सोय मात्र शरीरात नाही. गरजेपेक्षा अधिक आलेल्या अमिनो आम्लांतील नत्र यकृत वेगळे करते, त्याचे युरिया बनते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा चरबी होऊन बसतो. महागड्या चूर्णातील जो अंश गरजेहून जास्त झाला, त्याचा शेवट असा होतो.

स्नायू प्रथिनांचे बनलेले, म्हणून श्रम करताना प्रथिनच जळत असले पाहिजे, असे एकोणिसाव्या शतकातील थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचे मत होते. कल्पना सरळ होती, पटणारी होती आणि चुकीची होती. 1865 च्या ऑगस्टमध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाउलहोर्न हा डोंगर चढून गेले. चढण्यापूर्वी व चढताना त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले. पिष्टाच्या वड्यांवर भागवले. मूत्र साठवून त्यातील नत्र मोजले आणि त्यावरून किती प्रथिन जळले असेल ते काढले. स्वतःचे वजन डोंगराच्या माथ्यापर्यंत उचलून नेण्यास जेवढी शक्ती लागली असली पाहिजे, तिच्या मानाने हे प्रथिन फारच अपुरे होते. बाकीची शक्ती पिष्टमय व स्निग्ध पदार्थांतूनच आलेली असणार. गमतीची गोष्ट अशी की त्याच 1865 साली लीबिगच्या नावाने मांसाचा अर्क विकणारी कंपनी स्थापन झाली. त्या अर्कात प्रथिन जेमतेमच होते, तरी तो बलवर्धक म्हणून घरोघर गेला. शास्त्र एका दिशेने आणि बाटली दुसऱ्या दिशेने जाण्याचा प्रकार काही आजचा नाही.

विसाव्या शतकात हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर आफ्रिकेतील आणि आशियातील सुजलेल्या, निस्तेज मुलांचे आजार जगाच्या नजरेस आले आणि गरीब देशांतील कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे, असे मत रूढ झाले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 1955 साली खास प्रथिनांसाठी सल्लागार मंडळ नेमले. 1968 साली 'प्रथिनांचे संकट' टाळण्यासाठी जगाने काय करावे, याचा अहवाल निघाला. माशांचे पीठ, पेंडीचे पीठ, तेलावर वाढवलेले सूक्ष्म जीव, यांतून प्रथिने काढण्याच्या योजना आखल्या गेल्या. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तेल काढलेल्या भुईमुगाचे पीठ व हरभऱ्याचे पीठ यांचे मिश्रण करून बहुउपयोगी अन्न तयार केले. या प्रयत्नांमागील कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निदानाचा होता.

त्या निदानावर ज्यांनी बोट ठेवले, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. ते वैद्य नव्हते, आहारशास्त्रज्ञही नव्हते. ते संख्याशास्त्रज्ञ होते आणि रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. भारतातील कुटुंबांच्या आहाराच्या पाहण्या घेऊन त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना उष्मांक पुरेसे मिळतात काय? उत्तर असे आले की ज्यांना प्रथिने कमी, ते जवळजवळ सारे पोटालाच कमी खाणारे होते. धान्य आणि डाळ यांचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले, तर प्रथिनांची गरज त्यातच बहुधा भागते. आणि पोट अर्धे राहिले, तर दिलेले प्रथिनही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. घरात सरपण नसले की माणूस चुलीत खुर्ची घालतो, तसे ते होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन हेही मुलांच्या तपासणीतून याच सुमारास अशाच निष्कर्षाकडे येत होते. 1973 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचा आकडा खाली आणला आणि 1974 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात मॅक्लॅरन यांनी सगळ्या प्रकरणास 'प्रथिनांचा महान फज्जा' असेच नाव देऊन टाकले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माणसाचे शरीर कमी अन्नाशी बऱ्याच अंशी जुळवून घेते, असे मत सुखात्म्यांनी पुढे मांडले. त्यावर गोपालन यांच्यासारख्यांनी कडक टीका केली, आणि ती योग्यच होती. खुरटलेल्या मुलास 'जुळवून घेतलेले' म्हणणे हे उपासमारीचे समर्थन होऊन बसते. परंतु प्रथिनाला जेवणापासून सुटे काढून त्याचा वेगळा बाजार मांडू नये, हा त्यांचा पहिला मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. पन्नास वर्षांपूर्वी तो गरिबांच्या बाबतीत होता. आज डबा विकत घेणाऱ्या मध्यम वर्गाच्या बाबतीत तितकाच लागू आहे.

आता आकडा किती, ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली प्रौढ माणसासाठी शिफारस केली ती दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 0.83 ग्रॅम उत्तम प्रतीच्या प्रथिनाची. आहार मुख्यतः धान्याचा असेल तर 1 ग्रॅम धरावा. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसास साठ ग्रॅम. अशा तरुणाने दिवसभरात साडेतीनशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या खाल्ल्या, तर त्यांतून सुमारे 37 ग्रॅम प्रथिन मिळते. साठ ग्रॅम डाळीतून 13. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून 18. बेरीज 68. तो तालमीत जात असेल आणि त्याने रात्री पन्नास ग्रॅम हरभरे भिजत घातले, तर त्यांचे 9 आणि तीस ग्रॅम भुईमुगाच्या दाण्यांचे 7. एकूण 84 ग्रॅम, म्हणजे प्रत्येक किलो वजनामागे 1.4. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यांवरील एकोणपन्नास प्रयोगांचा एकत्रित विचार 2018 साली झाला. त्यात सरासरीने 1.6 ग्रॅमच्या पुढे प्रथिन वाढवून अधिक लाभ दिसला नाही. व्यायाम करणाऱ्यास इतरांहून थोडे अधिक लागते, हे खरे. पण ते 'थोडे अधिक' हरभऱ्याच्या वाटीत आणि दुधाच्या पेल्यात मावते. अंडे खाणाऱ्याचे काम तर आणखी सोपे आहे. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम असतात.

पैशाचा हिशेबही करून पाहावा. बाजारभाव बदलत असतात. तरी किलोला शंभर रुपये भावाने घेतलेल्या हरभऱ्यातून एका रुपयास सुमारे दोन ग्रॅम प्रथिन पडते, आणि अडीच हजार रुपये किलोच्या चूर्णातून तिसऱ्या हिश्श्याहून कमी. चूर्णातील प्रथिन अधिक पचनसुलभ व अमिनो आम्लांच्या दृष्टीने परिपूर्ण असते, ही सवलत दिली तरी अंतर फारसे मिटत नाही. शिवाय हरभऱ्याबरोबर लोह, चोथा आणि फोलिक आम्ल फुकट मिळते. झाशीच्या बाबतीत तर हा प्रकार उफराटाच म्हणावा लागेल. बुंदेलखंड हा कडधान्यांचा मुलूख आहे. हरभरा, मसूर, वाटाणा, उडीद, तूर या सर्वांची शेते या भागात आहेत. झाशी जिल्ह्यात भुईमूग मोठ्या प्रमाणावर होतो. ज्या जमिनीतून देशाच्या वाट्याची डाळ बाहेर जाते, तिथल्या मुलाने प्रथिनासाठी परदेशी नाव छापलेला डबा शोधावा!

त्या डब्यात तरी छापलेला आकडा असतो काय? येथे थोडे रसायनशास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. प्रथिन मोजण्याची जुनी व सर्वत्र रूढ पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील केल्डाल याने 1883 साली शोधून काढली. या पद्धतीत पदार्थातील प्रथिन मोजले जात नाही; नत्र मोजले जाते आणि त्यास 6.25 ने गुणले जाते, कारण प्रथिनात साधारण सोळा टक्के नत्र असते. पद्धत उत्तम आहे, पण ती माणसाच्या प्रामाणिकपणावर विसंबून आहे. नत्र असलेला कोणताही स्वस्त पदार्थ मिसळला की प्रथिनाचा आकडा फुगतो. 2008 साली चीनमध्ये दुधात पाणी घालून ते झाकण्यासाठी मेलामाइन हे प्लास्टिकच्या धंद्यातील द्रव्य मिसळण्यात आले होते. मेलामाइनमध्ये नत्र दोन-तृतीयांश असते. सुमारे तीन लाख अर्भके आजारी पडली, सहा दगावली. चूर्णांच्या व्यापारात मेलामाइनऐवजी ग्लायसिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळण्याची युक्ती वापरली जाते. त्याने जीव जात नाही, पण ग्राहक फसतो. भारतीय बाजारातील छत्तीस चूर्णांची तपासणी करून काही वैद्यांनी 2024 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे सत्तर टक्के डब्यांवरील प्रथिनाची माहिती प्रत्यक्षाशी जुळली नाही. काहींत तर छापलेल्याच्या निम्मेच प्रथिन होते. चौदा टक्क्यांत बुरशीपासून होणारे ॲफ्लाटॉक्सिन हे विष सापडले, आठ टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश.

कोठीतील दाण्यालाही ॲफ्लाटॉक्सिन होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे. हे विष ओळखले गेले तेच मुळी 1960 नंतर, इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या बुरसट पेंडीने हजारो टर्की पक्षी मेल्यावर. ओले राहिलेले, बुरसलेले दाणे खाऊ नयेत. पण दाणा डोळ्यांना दिसतो, जिभेला कडू लागतो. चूर्णाला चॉकलेटचा वास असतो.

नत्राचा आकडा म्हणजे अन्न नव्हे, ही गोष्ट बुंदेलखंडाइतकी कटुपणे फार थोड्या प्रदेशांनी अनुभवली असेल. झाशीच्या दक्षिणेस सागरचा मुलूख आहे; अठराव्या शतकात तोही मराठ्यांच्या अंमलाखाली होता. इंग्रज अधिकारी स्लीमन याने 1844 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत तेथील हकीगत दिली आहे. 1829 पासून तीन वर्षे गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनी गव्हाचे पीक बुडवले. गव्हात आपोआप उगवणारी तेवडी, म्हणजे खेसरी, मात्र तरारून आली. विदर्भात तिलाच लाख किंवा लाखोळी म्हणतात. लोकांनी ती डाळ खाऊन दिवस काढले. 1833 च्या सुमारास गावांतील तरुण माणसे कंबरेखाली लुळी पडू लागली, आणि पुन्हा कधी धड चालली नाहीत. खेसरीत प्रथिनाचे प्रमाण हरभऱ्याहूनही अधिक असते. घातक आहे ते तिच्यातील एक वेगळेच अमिनो आम्ल. ते 1964 च्या सुमारास भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे करून दाखवले. केल्डालच्या पद्धतीने मोजले तर या विषातील नत्रही 'प्रथिन' म्हणूनच हिशेबात येईल! थोड्या प्रमाणात, इतर धान्यांबरोबर खाल्लेल्या खेसरीने सहसा अपाय होत नाही. अपाय झाला तो दुसरे काही उरले नव्हते म्हणून.

चूर्ण कोणालाच नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. भाजलेल्या रुग्णास, अन्न चावू व गिळू न शकणाऱ्या वृद्धास, डायलिसिसवर असलेल्या माणसास वैद्य प्रथिनांचे चूर्ण लिहून देतात, आणि ते आवश्यक असते. ते औषध म्हणून, मापाने आणि तपासणीखाली दिले जाते. उलट, मूत्रपिंडाचा विकार असून त्याची कल्पना नसलेल्या माणसाने आपल्या मनाने मोठ्या प्रमाणात चूर्ण घेणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मे महिन्यात प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात सर्वसाधारण लोकांनी प्रथिनपूरके टाळावीत असे स्पष्ट म्हटले आहे. साधे अन्न काय करू शकते, याचा दाखला झारखंडमधून मिळाला आहे. क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना धान्य व डाळ यांचा मासिक शिधा दिला असता, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले; हे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले.

झाशीच्या व्यायामशाळेतील मुलगा डब्यातून एका वेळी जे माप घेतो, त्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिन असल्याचे छापलेले असते. शहरातील प्राथमिक शाळेत पीएम पोषण योजनेखाली जेवणाऱ्या मुलाच्या वाट्यास नियमाप्रमाणे शंभर ग्रॅम धान्य आणि वीस ग्रॅम डाळ येते. सगळ्या जेवणात 12 ग्रॅम प्रथिन असावे, असा नियम आहे. त्यांतील 4 ग्रॅमच्या वर त्या वीस ग्रॅम डाळीतून यावयाचे असते. वरण पातळ झाले की आधी तेच कमी होते, आणि ते कमी झाल्याचे कोणत्याही डब्यावर छापलेले नसते. शंभर मुलांच्या भांड्यात त्या दिवशी दोन किलो डाळ पडली पाहिजे. ती पडली की नाही, हे तपासण्यास केल्डालची पद्धत लागत नाही. शाळेतला तराजू पुरतो.